स्लॉट गेम खेळण्याआधी त्याचा हिशेब कसा वाचावा

ऑनलाइन स्लॉट गेममुळे, म्हणजे नाणी लावून चित्रांची चाके फिरवायच्या खेळामुळे, निराश झालेला माणूस बहुधा केवळ हरल्यामुळे निराश झालेला नसतो. हरण्याची शक्यता त्याने गृहीत धरलेलीच असते. त्याला खुपते ते हे, की तासभर पडद्यावर जे दिसत होते आणि शेवटी खात्यात जे उरले, त्यांचा मेळ कुठेच बसत नाही. म्हणून हा खेळ करमणूक म्हणून खेळायचा असेल, तर चित्रे आणि संगीत पाहून भाळण्याआधी गेममधील माहितीचे पान उघडावे. अर्थात, जिथे पैसे लावून असे गेम खेळणे कायद्याला मान्य नाही, तिथे हा सारा विचार पैसे न लावता खेळायच्या डेमोपुरताच ठेवावा.

माहितीच्या पानावर आरटीपी (‘रिटर्न टू प्लेयर’, म्हणजे खेळाडूंना परतावा) नावाची एक टक्केवारी दिलेली असते. आरटीपी ९६ टक्के असणे याचा अर्थ, सर्व खेळाडूंनी लावलेल्या दर १०० नाण्यांपैकी दीर्घकाळात सरासरी ९६ नाणी परत जातात आणि ४ संकेतस्थळाच्या चालकाकडे राहतात. आजच्या तुमच्या एका बैठकीत काय होईल हे तिच्यावरून सांगता येत नाही, परंतु खेळाची किंमत काढायला ती पुरेशी असते. एका स्पिनला, म्हणजे चाके एकदा फिरवायला, १० नाणी आणि तासाला ६०० स्पिन, म्हणजे दर सहा सेकंदांना एक, असा वेग धरला तर तासाभरात ६,००० नाणी लावली जातात आणि त्यांचे ४ टक्के, म्हणजे २४० नाणी, हा त्या तासाचा सरासरी खर्च ठरतो. सोबत ३०० नाणीच आणली असली तरी लावलेली रक्कम हजारोंच्या घरात जाऊ शकते, कारण मिळालेली नाणी पुन्हा पुन्हा लावली जातात. येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. हा आकडा एखाद्या करमणुकीच्या तिकिटाइतका वाटला तर खेळावे. जड वाटला तर बेट, म्हणजे दर स्पिनला लावायची रक्कम, कमी करावी किंवा वेग तरी कमी करावा.

एकाच नावाचा गेम निर्माता अनेकदा वेगवेगळ्या आरटीपीमध्ये उपलब्ध करून देतो आणि त्यांपैकी कोणता ठेवायचा हे संकेतस्थळाचा चालक ठरवतो. त्यामुळे इतरत्र वाचलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये. ९६ ऐवजी ९४ टक्के हा फरक दिसायला किरकोळ असला, तरी चालकाचा वाटा ४ वरून ६ वर गेलेला असतो, म्हणजे तुमचा तास दीडपट महाग झालेला असतो.

आता व्होलॅटिलिटी, म्हणजे परताव्यातील चढउतार. माझ्या मते सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो. आरटीपी सारखाच असलेल्या दोन गेमपैकी एक लहान लहान रकमा वरचेवर देतो, तर दुसरा बराच वेळ कोरडा जातो आणि परताव्याचा मोठा हिस्सा बोनस फेरीसाठी, म्हणजे ठरावीक चिन्हे पडल्यावर मिळणाऱ्या खास फेरीसाठी, राखून ठेवतो. समजा, बोनस सरासरी २०० स्पिनमधून एकदा लागतो. मग २०० स्पिन झाल्यावर तो लागायलाच हवा, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात २०० स्पिनमध्ये एकदाही बोनस न लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते आणि ४०० स्पिन झाले तरी ती सुमारे १३ टक्के उरते. प्रत्येक स्पिनचा निकाल स्वतंत्र असतो आणि आधीच्या कोरड्या स्पिनची कोणतीही भरपाई पुढच्या स्पिनमध्ये साठवलेली नसते. हाताशी थोडीच रक्कम असताना जास्त व्होलॅटिलिटीचा गेम निवडला, तर ज्या बोनस फेरीसाठी गेम उघडला, ती न पाहताच पैसे संपण्याचा संभव मोठा असतो. थोड्या रकमेत जास्त वेळ खेळायचे असल्यास कमी किंवा मध्यम व्होलॅटिलिटीचाच गेम घ्यावा.

खरी पारख डेमोमध्ये होते, आणि तीही गेमचा आवाज बंद ठेवून. पडद्यावर चिन्हे जुळण्याच्या वीस ओळींवर प्रत्येकी एक नाणे लागले आहे, एका ओळीवर तीन सारखी चिन्हे जुळली आहेत, पडदा उजळला आहे आणि मधोमध ६ हा आकडा झळकतो आहे, असे समजा. लावली होती २० नाणी. म्हणजे १४ गेली, आणि साजरा मात्र विजय होतो आहे. कागदावर तीन रकाने करून शंभर स्पिनची नोंद ठेवावी: काहीच न मिळालेले, बेटपेक्षा कमी मिळालेले आणि बेटपेक्षा जास्त मिळालेले. एवढ्या नोंदीवरून आरटीपी कळणार नाही, पण गेमचा स्वभाव कळेल. मधला रकाना भराभर भरत असेल, तर तो गेम तोट्याला जल्लोषाचा मुलामा देतो असे समजावे. ब्रिटनच्या नियामकाने २०२१ मध्ये अशा तोट्याचा जल्लोष करण्यावर बंदी घातली, ऑटोप्ले (आपोआप होत राहणारे स्पिन) बंद केला आणि प्रत्येक स्पिनला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत असा नियमही केला.

थोडक्यात हुकल्याची भावनाही अशीच फसवी असते. दोन बोनस चिन्हे पडतात, तिसरे रील (चित्रांचे चाक) मुद्दाम हळू फिरते, आवाज चढत जातो आणि चिन्ह एक घर खाली थांबते. निकाल रँडम नंबर जनरेटरने, म्हणजे कोणताही क्रम नसलेले आकडे काढणाऱ्या प्रणालीने, बटण दाबताच ठरवलेला असतो. रीलचे हळू होणे ही केवळ मांडणी असते. ती पाहताना उत्कंठा वाटणे हा खेळाचा आनंदच आहे, तो जरूर घ्यावा. पण ‘आता जवळ आलो’ म्हणून बेट वाढवू नये, कारण जवळ येणे असे या खेळात काही नसतेच.

नव्या खेळाडूला संकेतस्थळ देते तो स्वागत बोनस स्वीकारण्याआधी गुणाकार करावा. १,००० नाण्यांच्या बोनसवर ३५ पट वेजरिंगची, म्हणजे बोनसच्या ३५ पट रक्कम खेळात लावण्याची, अट असेल, तर ३५,००० नाणी लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. ९६ टक्के आरटीपीने त्यातला सरासरी तोटा १,४०० नाणी होतो, म्हणजे मिळालेल्या बोनसपेक्षा जास्त. त्याखेरीज मुदत, बेटची कमाल मर्यादा आणि वगळलेले गेम या अटी असतात त्या वेगळ्याच. असा बोनस नाकारणेच बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

पैशांची आणि वेळेची मर्यादा खात्यात आधीच घालून ठेवावी. खेळताना ती आठवत नाही. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळावेसे वाटू लागले, उसने पैसे घ्यावे लागले किंवा घरच्यांपासून लपवावे लागले, तर तो खेळ करमणूक राहिलेला नसतो. अशा वेळी स्वतःला खेळातून वगळण्याची सोय त्याच दिवशी वापरावी आणि विश्वासातल्या माणसाशी बोलावे.

शेवटचा मनस्ताप पैसे काढताना होतो. ओळखपत्राची पडताळणी पैसे भरण्याआधीच पूर्ण करून घ्यावी, आणि पैसे काढण्याची मागणी नोंदवल्यावर रक्कम बँकेत जमा होईपर्यंत ते खाते उघडूच नये, कारण मागणी रद्द करून तेच पैसे पुन्हा खेळात वळवण्याचे बटण काही संकेतस्थळांवर अगदी समोर ठेवलेले असते.