रखडलेल्या कामाला जबाबदार कोण? माहिती अधिकारातून असं शोधा

आधी कार्यालयातली १७ मुद्द्यांची माहिती पाहा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अधिकाऱ्यांची नावं, कर्तव्यं, पगार तिथे जाहीर असायलाच हवेत. नसतील, तर जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच. महाराष्ट्रात मर्यादा १५० शब्दांची.

‘रस्ता का झाला नाही?’ असं विचारलं की अर्ज हमखास अडकतो. कायद्याने खुलासा नाही, कागद मिळतो. म्हणून कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही), देयकाची (बिलाची) प्रत आणि सही करणाऱ्याचं नाव-पदनाम मागा. पोच शिक्क्यानिशीच घ्या.

३० दिवसांत उत्तर नाही? पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण उशिराला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड, आणि तो माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसतो.