ओव्हरच्या वहीपासून निवेदनापर्यंत

माझी पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, फीमेल मेडिसिन वॉर्डात झाली. मंजूर खाटा ३०. मी रुजू झाले त्या सकाळी सेन्ससला, म्हणजे रोजच्या मोजणीत, पेशंट भरले ५४. दोन खाटांच्या मधे गादी, व्हरांड्यात गादी, पार बाथरूमच्या दाराशी गादी. ड्यूटीवर आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. सिनिअर सिस्टर म्हणाली, "तू इंजेक्शनं घे, मी गोळ्या आणि केसपेपर बघते. सलाईन जिला दिसेल तिनं बदलायचं." मी ट्रे उचलला आणि कामाला लागले. त्या वाटणीत मला काहीच वावगं दिसलं नाही. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पेपरात याच पद्धतीवर मी टीप लिहिली होती, फायदे-तोटे सकट.

त्या टीपेचा अर्थ मला एका आजीनं शिकवला. पाथरीकडच्या खेड्यातली, सत्तरीची, अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. सहा दिवस ती आमच्याकडे होती आणि त्या सहा दिवसांत मी तिच्याजवळ निदान वीस वेळा गेले असेन. दर वेळी हात बघितला, शीर बघितली, इंजेक्शन दिलं, पुढची खाट. सातव्या दिवशी इनचार्ज सिस्टर राऊंडला आल्या. आजीच्या सुनेनं हळूच सांगितलं, "बाई, हिच्या पाठीचा वास यायलाय." सिस्टरनी आजीला कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी कातडी काळी पडली होती आणि कडेनं पाणी सुटलं होतं. सून म्हणाली, "म्या सांगितलं होतं की. सुईवाल्या बाईला सांगितलं तर त्या म्हनल्या गोळ्यावाल्या बाईला सांगा."

सुईवाली बाई म्हणजे मीच.

इनचार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. दुपारच्या ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवतात तेव्हा, त्यांनी सगळ्यांना उभं केलं, ओव्हरची वही उघडली आणि एकच विचारलं, "ही आजी कुणाची?" कुणालाच उत्तर देता येईना. इंजेक्शनं कुणाची, गोळ्या कुणाच्या, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) कुणाचा, हे सगळं ठरलेलं होतं. आजी कुणाचीच नव्हती.

तुम्ही नव्यानं वॉर्डात जाणार असाल तर हा प्रश्न सोबत घेऊन जा. पुस्तकात ज्याला काळजी देण्याच्या पद्धती म्हणतात, त्या सगळ्या याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत. आमची ती पहिली वाटणी म्हणजे फंक्शनल नर्सिंग; त्यात कामं वाटली जातात, पेशंट नाही. माणसं कमी आणि गर्दी जास्त असली की वॉर्ड आपोआप या पद्धतीवर घसरतो, कारण ५४ इंजेक्शनं वेळेत संपवायला तीच सगळ्यात वेगवान आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सिस्टरांचा तुटवडा पडला तेव्हा एलेनॉर लॅम्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात टीम नर्सिंग मांडलं: एक अनुभवी सिस्टर पुढारी, तिच्या हाताखाली कमी शिकलेले मदतनीस, आणि त्या टीमकडे ठरावीक पेशंट. १९६९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात मेरी मँथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याही पुढे जाऊन प्रायमरी नर्सिंग सुरू केलं. त्यात भरती झाल्यापासून सुट्टी मिळेपर्यंत एका पेशंटच्या काळजीची जबाबदारी एकाच सिस्टरची. ती घरी असली तरी तिनं लिहून ठेवलेल्या आराखड्यानुसारच बाकीच्या काम करतात. आयसीयूत तुम्ही एकाच पेशंटचं सगळं करता, ती तर सगळ्यात जुनी रीत.

आमच्याकडे प्रायमरी नर्सिंग चालण्यासारखं नव्हतं, आणि ते चालवतो असं कागदावर दाखवणं खोटेपणाच ठरला असता. इनचार्ज सिस्टरनी मधला रस्ता काढला. वॉर्डाच्या मधल्या खांबापासून दोन बाजू पाडल्या, खिडकीकडची आणि दाराकडची. एक बाजू एका सिस्टरची. व्हरांड्यातल्या गाद्याही मोजून दोन्ही बाजूंना जोडल्या, कारण खालचे पेशंट नेहमी दोन वाटण्यांच्या मधे हरवतात. सकाळी सहाची इंजेक्शनं तेवढी पूर्वीसारखीच एकीनं सरसकट द्यायची. बाकी वळवणं, तोंड धुणं, खाल्लं की नाही, लघवी किती झाली, नातेवाइकांना काय सांगितलं, हे ज्या त्या बाजूच्या सिस्टरनं बघायचं. ओव्हर टेबलाशी न देता खाटेजवळ द्यायचा. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक पेशंटच्या उशाशी दोन-दोन तासांचे रकाने आखलेला कागद चिकटवायचा आणि वळवलं की सही करायची. नातेवाइकाला वळवायची रीत हात धरून शिकवायची. पण त्यानं ते केलं का हे बघणं आपलंच काम, हे सिस्टर दर ओव्हरला बजावायच्या.

नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला आल्या की आपल्या बाजूच्या टीममध्ये त्यांना जरूर घ्या, शिकवा. पण त्यांना मोजून "आज आम्ही पाच जणी होतो" असं कधी लिहू नका. त्या शिकायला आलेल्या आहेत. त्यांना माणसांत धरलं की रिक्त जागा कागदावरून पुसली जाते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. खरं तर ती याच गोष्टीचा पुढचा भाग आहे. दोन बाजू पाडल्यावर पहिल्यांदाच आम्हाला नीट कळलं की एका सिस्टरच्या वाट्याला किती माणसं येतात. इंजेक्शनं मोजत होतो तोवर तो आकडा आमच्यापुढे कधी आलाच नव्हता. एकीकडे २७, दुसरीकडे २७. नाइटला एकच सिस्टर असली तर ५४ च्या ५४. सिस्टरनी शंभर पानी वही आणली आणि रोज लिहायला लागल्या: तारीख, मंजूर खाटा, हजर पेशंट, खालचे पेशंट, प्रत्येक शिफ्टला हजर सिस्टर, प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या दुसरीकडे कामाला, गेलेल्या किती.

हे आकडे कशाशी ताडायचे ते समजून घ्या, कारण इथं बहुतेक नव्या मुली फसतात. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डाला तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक असं आहे, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. तिनास एक म्हणजे ड्यूटीवर उभ्या असलेल्या सिस्टरला तीनच पेशंट, असा त्याचा अर्थ नाही. तो तिन्ही शिफ्ट मिळूनचा हिशेब आहे. शिफ्टला भागलं की तो नवास एक होतो, आणि पाचास एकचा पंधरास एक. तीस खाटांच्या वॉर्डाला पाचास एकनं सहा जणी, रजेच्या धरून आठ. मेडिकल कॉलेजला दहा, रजेच्या धरून तेरा. हे पाठ करून ठेवा. निवेदनात "तीन पेशंटमागे एक सिस्टर हजर असावी" असं लिहिलंत तर समोरचा अधिकारी पहिल्याच ओळीला तुम्हाला खोडून काढील.

आणि खरी मेख पुढे आहे. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, मंजूर खाटांवर बसतो, आलेल्या पेशंटवर नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली गरीब माणसं आपल्या सरकारी दवाखान्यांवर विसंबलेली आहेत, दारात आलेल्या कुणाला परत पाठवता येत नाही, आणि व्हरांड्यातली गादी कुठल्याच आकृतिबंधात नसते. त्यावर मंजूर पदं वेगळी, भरलेली वेगळी आणि प्रत्यक्ष हजर वेगळी. एखादी सिस्टर आमच्या पगारपत्रकावर असते आणि काम दुसऱ्याच ठिकाणी करते. तुमच्या निवेदनात हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी आले पाहिजेत.

आमचं पहिलं निवेदन मी लिहिलं होतं. दोन पानं, "प्रचंड ताण", "असह्य परिस्थिती", "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा". त्याच्यावर आवक क्रमांक पडला आणि पुढं काहीच झालं नाही. दुसरं इनचार्ज सिस्टरनी लिहिलं, एकच पान. तीन महिन्यांची सरासरी, सगळ्यात वाईट रात्रीची तारीख आणि आकडे, मंजूर-भरलेली-हजर असा तक्ता, आणि खाली मागणी एकच: प्रतिनियुक्त्या रद्द करून आमच्या सिस्टर परत द्या. नवीन पदनिर्मितीला वित्त विभागापर्यंत जावं लागतं, त्याला वर्षं लागतात. प्रतिनियुक्ती स्थानिक सहीनं झालेली असते आणि स्थानिक सहीनं उठते. मागणी कुणाच्या सहीनं पुरी होते ते आधी शोधा.

कागद आधी अधिसेविकांमार्फत (मेट्रन) वरिष्ठांकडे, मग संघटनेमार्फत बाहेर. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. सचिव वेगळे, मंत्रीही बहुतेक वेळा वेगळे. चुकीच्या खात्याला गेलेला कागद नुसता फिरत राहतो. रिक्त पदांचा आकडा तोंडी मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, उत्तराची मुदत ३० दिवस.

राजकारण म्हटलं की घरचे घाबरतात. माझी आई म्हणायची, "माय, सरकारी नोकरी हाय, पुढाऱ्याच्या नादी लागू नको." तिची भीती खोटी नव्हती. सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पक्षात जाता येत नाही, निवडणुकीच्या प्रचारात उतरता येत नाही, स्वतःच्या बदलीसाठी आमदाराचा दबाव आणला तर तो गैरवर्तनात धरला जातो. पण वॉर्डातल्या पेशंटसाठी संघटनेच्या लेटरहेडवर लोकप्रतिनिधीला निवेदन देणं ही निराळी गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. व्हरांड्यातल्या पेशंटचे फोटो काढून मात्र कुणाला पाठवू नका. उघड्या अंगानं गादीवर पडलेल्या बाईला तुम्ही विचारलेलं नसतं. त्या कामाला आकडे पुरतात.

आमदारांच्या स्वीय सहायकाला कागद द्यायचा तर विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बराच आधी द्या. प्रश्नांच्या सूचना आठवडेच्या आठवडे आधी जातात. डिसेंबरात नागपूरला गाडी करून गेलात तर फोटो निघेल, प्रश्न लागणार नाही. आमचा प्रश्न लागला. छापील उत्तर आलं तेव्हा सगळ्यांनी ते चहाच्या वेळी वाचलं: "हे खरे आहे काय?" याच्यापुढे "अंशतः खरे आहे." काही जणी हिरमुसल्या. मला मात्र ते मोठं वाटलं, कारण सरकारनं आमच्या वॉर्डाचा आकडा स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता. पुढच्या निवेदनात आम्ही तेच उत्तर जोडलं. काही महिन्यांनी दोघी प्रतिनियुक्तीवरून परत आल्या आणि नाइटला दुसरी सिस्टर मिळू लागली.

मे २०२२ मध्ये खासगी एजन्सीमार्फत भरती करण्याच्या विरोधात राज्यभरातल्या परिचारिकांनी काम बंद केलं, ते तुम्ही ऐकलं असेल. माझं मत विचाराल तर मागणी योग्य होती. दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या सिस्टरला वॉर्डाची कुठलीच बाजू आपली वाटणार नाही. पण काम बंद हे शेवटचं हत्यार आहे, आणि त्याच्या आधीची सगळी पानं तुमच्या वहीत असली पाहिजेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही क्रिमियाहून परतल्यावर हेच केलं. मृत्यूंचे आकडे आणि आकृत्या पुढे ठेवून त्यांनी ब्रिटिश सरकारला आयोग नेमायला लावले. त्यातला एक हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर होता, आणि त्या स्वतः इथं कधीच आल्या नव्हत्या. कॅलिफोर्नियात सिस्टरांच्या संघटनेनं रेटा लावला म्हणून १९९९ मध्ये सिस्टर-पेशंट प्रमाणाचा कायदा झाला आणि २००४ पासून लागू झाला. २००२ मध्ये लिंडा एकन यांच्या अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांत, सिस्टरमागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हा आकडा निवेदनात घाला, पण तुमच्या वॉर्डाच्या आकड्याच्या खाली.

खासगीत लागलेल्या मुलींसाठी एवढं सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही सिस्टरचा पगार २० हजारांच्या खाली नसावा, अशी शिफारस केली आहे. नोकरी घेताना हे माहीत असू द्या.

आणखी एक काम फार थोड्या जणी करतात. बी.एस्सी. नर्सिंग होऊन तीन वर्षं झाली असतील तर पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा. फॉर्म १८. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून विधान परिषदेचा एक मतदारसंघ आहे, आणि त्याची यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, म्हणून मागच्या वेळी नाव होतं यावर विसंबू नका. मत द्यायला वर्तणूक नियम आड येत नाहीत.

इनचार्ज सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. रकाने तेच ठेवलेत, फक्त एक वाढवलाय. गुढीपाडव्याच्या मागं-पुढं ऊसतोडीवरून टोळ्या परततात, तेव्हा सहा-सहा महिने अंगावर काढलेली दुखणी घेऊन बाया येतात आणि व्हरांडा भरतो. त्यांच्या केसपेपरावर पत्ता गावचा असतो, ऊसतोडीचा उल्लेख कुठंच नसतो. मी भरतीच्या वेळीच विचारते, "कारखान्याहून कधी आलात?" आणि रकान्यात खूण करते. येत्या अधिवेशनाआधीच्या निवेदनात तो आकडा जाणार आहे.