मिडल स्कूलच्या बँडमध्ये प्रवेश: वाद्याच्या निवडीपासून पहिल्या वर्षाअखेरीपर्यंत

अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक शाळांमध्ये मुले सहावीला, म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षी, मिडल स्कूलमध्ये जातात आणि तेथे बँड, ऑर्केस्ट्रा किंवा कॉयर (समूहगान) यांपैकी एक विषय घेण्याची संधी त्यांना मिळते. काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शालेय जिल्ह्यांत) ही सुरुवात चौथी-पाचवीतच होते. बँडमध्ये फुंकून वाजवायची वाद्ये आणि तालवाद्ये असतात, तर व्हायोलिन, व्हिओला, चेलो ही तंतुवाद्ये ऑर्केस्ट्रात असतात. शालेय बँडची ही परंपरा जुनी आहे. शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२३ साली शिकागोमध्ये झाली होती. आज बँड हा शाळा सुटल्यानंतरचा छंदवर्ग नसून वेळापत्रकातला, गुण मिळणारा आणि बहुधा वर्षभर चालणारा विषय आहे. नवशिक्यांच्या बँडसाठी संगीताचे पूर्वज्ञान लागत नाही. त्यामुळे ज्या मुलाने आजवर एकही वाद्य हातात धरलेले नाही, त्यानेही निःशंकपणे नाव द्यावे.

नावनोंदणी सहसा आदल्या वर्षीच्या वसंत ऋतूत, इलेक्टिव्ह (ऐच्छिक) विषय निवडण्याच्या अर्जाबरोबर होते. इलेक्टिव्हच्या तासिका मोजक्याच असल्याने बँड घेतल्यास स्पॅनिश किंवा चित्रकला एखादे वर्ष मागे पडू शकते, हे अर्ज भरण्यापूर्वीच शाळेच्या समुपदेशकांकडून समजून घ्यावे. मुदत उलटली असेल, किंवा कुटुंब वर्षाच्या मध्येच भारतातून आले असेल, तर थेट बँड डायरेक्टरला, म्हणजे बँड शिकवणाऱ्या शिक्षकांना, ईमेल लिहावा. उशिरा आलेल्या मुलाला सामावून घेण्याची पद्धत प्रत्येक शाळेत वेगळी असते आणि ती ठरवणारी व्यक्ती बहुधा तेच असतात.

यापुढचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाद्याचा आहे आणि तो घाईने घेऊ नये. अनेक शाळांमध्ये वाद्ये हाताळून पाहण्याची एक संध्याकाळ ठेवलेली असते. त्या वेळी मुलाला फ्लूटचा फक्त वरचा भाग, क्लॅरिनेटचे किंवा सॅक्सोफोनचे माऊथपीस (तोंडाला लावून फुंकायचा भाग) आणि पितळी वाद्यांची लहान-मोठी माऊथपीस देऊन सूर कशातून सहज निघतो, हे डायरेक्टर पाहतात. नंतर मुलाकडून दोन-तीन पसंती लिहून घेतल्या जातात, कारण सगळ्यांनाच सॅक्सोफोन आणि ड्रम दिले तर बँड उभा राहणार नाही. पालकांनी या संध्याकाळी शक्यतो मागे उभे राहावे. मूल ज्या वाद्याच्या आवाजाकडे पुन्हा पुन्हा वळते, ते वाद्य ते टिकवते. आपल्याला भारदस्त वाटते किंवा मोठ्या भावाचे घरात पडून आहे म्हणून लादलेले वाद्य बहुधा कपाटात जाते.

शरीराची ठेवणही पाहावी लागते. फ्लूटमध्ये हवेचा झोत छिद्राच्या कडेवर नेमका पडावा लागतो, त्यामुळे वरच्या ओठाचा मध्यभाग ठळकपणे खाली आलेला असेल तर झोत दुभंगतो आणि सुरुवात कठीण जाते. क्लॅरिनेटची छिद्रे बोटांनीच पूर्ण झाकावी लागतात. फार बारीक बोटांच्या मुलाला ते काही महिने जड जाते, तर सॅक्सोफोनला छिद्रे झाकणाऱ्या गाद्यांच्या चाव्या असल्याने तो प्रश्न येत नाही. ट्रॉम्बोनच्या सरकनळीच्या सात जागा असतात आणि सहावीतल्या मुलाचा हात शेवटच्या जागेपर्यंत अनेकदा पोहोचत नाही, पण पहिल्या वर्षी तिची गरज क्वचितच पडते. फ्रेंच हॉर्नवर एकाच चावीत जवळजवळचे अनेक सूर निघतात, म्हणून ते वाद्य चांगल्या कानाच्या, सूर मनात आधी ऐकू शकणाऱ्या मुलाला शोभते. घरी गाणे शिकणाऱ्या मुलांनी ते अवश्य फुंकून पाहावे. दातांना ब्रेसेस बसण्याचे वय नेमके हेच असते. ट्रम्पेट आणि हॉर्नच्या लहान माऊथपीसचा दाब त्यामुळे टोचतो, युफोनियम किंवा ट्युबा या खर्जाच्या पितळी वाद्यांच्या मोठ्या माऊथपीसने तो कमी जाणवतो. ब्रेसेस लवकरच बसणार असतील तर डायरेक्टरला आधीच सांगावे.

मराठी घरांतली पुष्कळ मुले आधीपासून तबला, पेटी किंवा बासरी शिकत असतात आणि त्या शिक्षणाचा येथे खरा उपयोग होतो, मात्र त्याची मर्यादाही ओळखावी. बासरी वाजवणाऱ्या मुलाला आडव्या छिद्रावर फुंकण्याचे तंत्र अवगत असते. पण आजच्या फ्लूटची रचना थिओबाल्ड बोम यांनी १८४७ मध्ये केलेल्या बदलांवर आधारलेली आहे, तीत बोटे चाव्यांवर पडतात आणि बोटांची मांडणी पूर्णपणे नव्याने शिकावी लागते. तबला शिकलेले मूल मात्रा चुकत नाही, पण बँडमधील तालवाद्य विभाग म्हणजे केवळ ड्रम नव्हेत. स्नेअर ड्रमबरोबर बेल्स आणि झायलोफोन ही सुरांच्या पट्ट्यांची वाद्येही वाजवावी लागतात आणि त्यासाठी स्वरलिपी वाचता यावी लागते. म्हणूनच या विभागाच्या थोड्या जागांसाठी अनेक डायरेक्टर छोटी चाचणी घेतात आणि पियानो किंवा पेटीची सवय असलेल्या मुलाला तेथे फायदा मिळतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, मुलाला आवाज आवडत असेल तर बॅसून (खर्जाच्या आवाजाचे लाकडी फुंकवाद्य), हॉर्न, युफोनियम, ट्युबा अशा कमी मागणीच्या वाद्यांचा विचार आनंदाने करावा. ही महागडी वाद्ये शाळा बहुतेकदा स्वतःच्या साठ्यातून देते आणि हायस्कूलमध्ये पोहोचल्यावर अशा वादकांची वाट पाहिली जाते.

इतर वाद्ये पहिल्या वर्षी विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावीत. संगीताच्या दुकानांची भाडेयोजना सहसा अशी असते की, दरमहा दिलेली रक्कम पुढे खरेदीत वळती होते आणि थोडे जास्त पैसे दिल्यास दुरुस्तीची हमीही मिळते. ही हमी अवश्य घ्यावी, कारण सहावीतले मूल वाद्य कधी ना कधी पाडतेच. ऑनलाइन मिळणारी अतिस्वस्त, अनोळखी नावाची, चमकदार रंगांची वाद्ये टाळावीत. त्यांचा धातू मऊ असतो, सुटे भाग मिळत नाहीत आणि अनेक कारागीर ती दुरुस्त करण्यास नकार देतात. सूर वाद्यामुळे बिघडत असला, तरी मूल मात्र आपल्यालाच जमत नाही असे समजते आणि हे नुकसान पैशांपेक्षा मोठे आहे.

पहिले काही आठवडे पालकांना संथ वाटतील. मुले पूर्ण वाद्य न जोडता केवळ माऊथपीसवर किंवा फ्लूटच्या वरच्या भागावर एकच सूर धरून ठेवतात, ताठ बसणे आणि पोटातून श्वास घेणे शिकतात. टेक्सासमधील अनेक शाळांत तर सहावीचे सर्व क्लॅरिनेटवादक एका तासाला, सर्व ट्रम्पेटवादक दुसऱ्या तासाला असे वेगवेगळे शिकतात, म्हणजे ओठांची ठेवण एकेकाची तपासता येते. फ्लूटवाल्यांना सुरुवातीला गरगरते, कारण त्यांची बरीच हवा वाया जाते. अशा वेळी वाद्य खाली ठेवून मिनिटभर थांबावे. क्लॅरिनेट किंचाळले तर कारण बहुधा तीनांपैकी एक असते: बोटाखालून हवा निसटणे, माऊथपीस दातांनी आवळणे किंवा रीडचे (माऊथपीसवर बसवलेल्या पातळ पट्टीचे) टोक तुटलेले असणे. नवशिक्यासाठी रीड २ किंवा २.५ क्रमांकाची असावी आणि तीन-चार रीड आलटून पालटून वापराव्यात.

स्वरलिपीतली एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनाही गोंधळात टाकते. डायरेक्टर ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’ म्हणतात, तेव्हा फ्लूट आणि ट्रॉम्बोनवाल्यांच्या कागदावर बी फ्लॅटच असतो, पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांना सी, आल्टो सॅक्सोफोनवाल्यांना जी आणि हॉर्नवाल्यांना एफ लिहिलेला दिसतो. ऐकू मात्र सगळ्यांचा सूर एकच येतो, आणि तो म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. नवशिक्यांचे पहिले पाच सूर बहुधा याच बी फ्लॅटपासून सुरू होतात, म्हणजे काळी पाचला षड्ज धरून शुद्ध सा, रे, ग, म, प. पेटी जाणणाऱ्या आजी-आजोबांनी हे पाच सूर धरून दिले, तर मुलाला सूर जुळवण्याचा उत्तम सराव मिळतो, आणि पेटी नसेल तेथे तानपुऱ्याच्या अॅपवर काळी पाच लावावी.

घरचा सराव आठवड्यातून पाच दिवस, १५ ते २० मिनिटे इतका पुरेसा आहे. रविवारी सलग दोन तास बसण्याने तो भरून निघत नाही, कारण ओठांचे स्नायू रोज थोडेथोडेच बळकट होतात. सुरुवात लांब, स्थिर सुरांनी करावी, मग पाच सुरांचे चढ-उतार घ्यावेत आणि त्यानंतरच नेमून दिलेली धून उघडावी. धून अडत असेल तर सगळी पहिल्यापासून वाजवत राहू नये. अडणारे दोनच बार (स्वरलिपीतले उभ्या रेषांमधले तुकडे) मेट्रोनोम हे ठोके देणारे यंत्र मिनिटाला ६० वर ठेवून सावकाश घोटावेत. पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांनी जितका वेळ वाजवले तितकीच विश्रांती घ्यावी, आणि वरचा सूर निघत नाही म्हणून माऊथपीस ओठांवर दाबू नये. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी बोलून सरावाची वेळ ठरवावी; ट्रम्पेटला आवाज दाबणारा प्रॅक्टिस म्यूट आणि ड्रमसाठी रबरी प्रॅक्टिस पॅड मिळतो.

वाद्याची निगा हे रोजचे काम आहे. वाजवण्यापूर्वी खाल्ले असल्यास चूळ भरावी. फ्लूट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवून झाल्यावर आतून कापडाने पुसावे. त्यांच्या गाद्या भिजून फुगतात, म्हणून ती वाद्ये कधीही पाण्याने धुऊ नयेत. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हना तेल द्यावे आणि महिन्यातून एकदा ते वाद्य कोमट पाण्याने धुवावे. कढत पाण्याने त्यावरचा लेप निघतो. माऊथपीस अडकले तर पक्कड लावू नये. ते काढण्याचे साधन डायरेक्टरकडे असते.

वर्गात पेन्सिल जवळ ठेवावी आणि डायरेक्टरचा हात खाली आला की वाजवणे थांबवावे. गुरूंसमोर एकट्याने शिकलेल्या मुलांना येथे नवीन सवय लावावी लागते: स्वतःचा सूर निघताच समाधान न मानता, शेजारच्याचा सूर ऐकत आपला आवाज त्यात मिसळायचा. पहिला कार्यक्रम बहुधा डिसेंबरमध्ये, हिवाळी सुट्टीच्या आधी होतो, दुसरा वसंत ऋतूच्या अखेरीस. कार्यक्रमाला हजर राहण्याचे गुण असतात. म्हणून डिसेंबरची भारताची तिकिटे काढण्यापूर्वी बँडची तारीख पाहावी, आणि काळे कपडे, काळे बूट व काळे मोजे आधीच जमवून ठेवावेत. आपल्या मुलाचे वाजवून झाले तरी पालकांनी सातवी-आठवीच्या बँडचे ऐकून मगच उठावे.

वर्षाअखेरीस पुढच्या वर्षीचा बँड ठरवण्यासाठी छोटी चाचणी होते. तिचे स्वर आणि धून आधीच दिलेले असतात. उन्हाळ्यात भाड्याचे वाद्य परत करू नये, कारण अडीच महिन्यांच्या खंडाने ओठांची कमावलेली ताकद बरीचशी जाते. भारतात जाणार असाल तर फ्लूट, क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट सोबत न्यावे. ती आपल्या केससह विमानातील हातसामानात सहसा मावतात. परदेशात नेण्याबद्दल भाड्याच्या करारात काय लिहिले आहे ते आधी वाचावे, आणि रीड व व्हॉल्व्ह ऑईल पुरेसे बरोबर घ्यावे, कारण लहान गावात ते मिळेलच असे नाही.