पाकिटं ढीगभर, पर्याय मोजके : सुपरमार्केटमध्ये या चुका टाळा

सुपरमार्केटमधून बाहेर पडताना ट्रॉली भरलेली असते आणि यादीतली एखादी वस्तू तरीही राहिलेली असते. दोष आपण विसराळूपणाला देतो. पण वेळ नेमका कुठे गेला हे आठवून पाहिलं, तर तो बहुधा एक-दोन रॅकसमोरच गेलेला असतो. बिस्किटं, तेल, सॉस, कॉर्नफ्लेक्ससारखं न्याहारीचं सीरियल, यांपैकीच कुठेतरी. समोर दिसणारं प्रत्येक पाकीट म्हणजे स्वतंत्र पर्याय असं धरून चाललं की डोकं थकणारच. पुढच्या बऱ्याच चुका याच समजुतीतून होतात.

पाकिटांनाच पर्याय समजणं

अमेरिकेतल्या सर्वसाधारण सुपरमार्केटमध्ये ३०,०००च्या आसपास वेगवेगळ्या वस्तू असतात. आकडा दचकवणारा आहे, पण तो दुकानाच्या हिशेबाचा आहे. टोमॅटो सॉस एकच; तो तीन मापांत आणि काचेच्या व प्लॅस्टिकच्या बाटल्यांत आला की सहा नोंदी झाल्या. त्यात तिखट आणि कमी साखरेचा असे आणखी दोन प्रकार काढले की अठरा. घेणाऱ्यापुढचे प्रश्न मात्र दोन-तीनच असतात: चव कोणती, किती हवा, साखर चालेल का. बाकी खोगीरभरती. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल तर पुष्कळदा नामवंत कंपन्यांच्याच कारखान्यांतून येतो, म्हणजे तिथेही नाव वेगळं आणि माल ओळखीचाच. आणि मोजक्या मालावर गिऱ्हाईक टिकत नाही असंही नाही. कॉस्टको या अमेरिकी कंपनीच्या गोदामवजा दुकानात ४,०००पेक्षा कमी प्रकार असतात, तरी ती कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या किरकोळ विक्रेत्यांत गणली जाते.

यादीत फक्त ‘बिस्किटं’ लिहिणं

जास्त पर्याय दिसले की माणूस गोंधळतो आणि काहीच घेत नाही, हे विधान हल्ली सगळीकडे ऐकू येतं. त्यामागे शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. दुकानात चव बघण्यासाठी जॅम मांडले होते, कधी २४ प्रकारचे, कधी ६. चोवीसांच्या टेबलापाशी जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम घेतला. सहांच्या टेबलापाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतला.

गोष्ट इथेच संपवली जाते, आणि चूक तिथेच होते. २०१० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. पर्याय वाढले म्हणून प्रत्येक वेळी गोंधळ होतो असं नाही. २०१५ सालच्या आणखी एका आढाव्यात तो केव्हा होतो हे स्पष्ट झालं: वस्तूंची एकमेकींशी तुलना करणं अवघड असतं तेव्हा, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय हवंय हे आपल्यालाच ठाऊक नसतं तेव्हा.

ज्याला कॉफी कशी लागते हे पक्कं माहीत आहे, तो चाळीस बरण्यांतून आपली बरणी पटकन उचलतो. म्हणून दुकान बदलण्याआधी यादी सुधारा. ‘बिस्किटं’ असं न लिहिता ‘बिस्किटं, गोड नकोत, छोटा पुडा’ असं लिहा. एका वस्तूला एक-दोन अटी पुरतात. तिथेच बहुतेक रॅक बाद होतो. तीन-चार अटी घातल्या तर हवं ते सापडतच नाही आणि माणूस वैतागून समोरचं काहीही उचलतो.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विश्वास

१९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं. तोवर काउंटरपलीकडचा दुकानदार माल काढून देई. इथे गिऱ्हाइकाने स्वतः टोपली घेऊन फिरायचं होतं. स्वयंसेवा रुळत गेली तशी ‘यातलं चांगलं कोणतं’ हे ज्याला विचारायचं तो माणूस मधून गेला आणि बोलण्याचं काम पाकिटाकडे आलं. तेव्हापासून पाकीट बोलतंच आहे, आणि ते विकणाऱ्याच्या बाजूचं आहे हे ओघानेच आलं.

पाकिटावरचे काही शब्द नीट समजून घ्यावेत असे आहेत. ‘साखर घातलेली नाही’ म्हणजे साखर नाही असं नव्हे. फळांच्या रसात ती मुळातच असते. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे एकाहून जास्त धान्यं, ती अख्खी दळलेली असतीलच असं नाही. ऑलिव्ह तेलावरचा ‘लाइट’ हा शब्द रंग आणि चवीबद्दल असतो, कॅलरी तेवढ्याच. अंड्याच्या कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणावर नाही. तरी पांढरी की तपकिरी यावर लोक खल करत उभे असतात.

यावर उपाय म्हणजे पाकीट उलटं करा. बहुतेक देशांत घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पहिली तीन नावं वाचली की माल कशाचा आहे ते कळतं. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. साखर, ग्लुकोज सिरप, मध, फळांच्या रसाचा अर्क असे गोडाचे तुकडे पाडले की एकही नाव वर येत नाही, आणि सगळे मिळून कदाचित पहिल्या क्रमांकावर असतात.

मोठा पुडा स्वस्तच, असं समजणं

पुष्कळदा असतो, नेहमी नाही. ऑफर छोट्या पुड्यावर असेल तर हिशेब उलटतो. रॅकवरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत किलोमागे किंवा लिटरमागे किती पडतात ते लिहिलेलं असतं. तुलना त्या आकड्याची करा. पट्टी नसेल तर मोबाइलवर भागाकार करा, दोन पुड्यांसाठी तो अर्ध्या मिनिटाचा आहे. डबाबंद मालात पाण्यासकट वजन आणि पाणी काढल्यावरचं वजन यांत बराच फरक असतो, त्यातलं दुसरं बघा. आणि नेहमीचा पुडा असला तरी अधूनमधून त्यावरचं वजन वाचत चला. किंमत तीच ठेवून आतला माल कमी करणं ही कंपन्यांची जुनी खोड आहे.

नवी चव पहिल्यांदाच घेत असाल तर दर विसरून सगळ्यांत लहान पुडा घ्या. मोठा घेतला आणि आवडला नाही तर महिनोन् महिने कपाटात पडून राहतो.

नजरेसमोरचा कप्पा आणि पुढची रांग

डोळ्यांच्या उंचीवरची जागा सर्वांत मोलाची. अनेक ठिकाणी कंपन्या अशा जागांसाठी पैसे मोजतात. एकदा वाका, एकदा मान वर करा. दूध-दह्याच्या कपाटात जुन्या तारखेचा माल पुढे आणि ताजा मागे ठेवण्याची रीत असते. आजच संपवायचं असेल तर पुढचं घ्या, त्यात वाईट काही नाही. आठवडाभर पुरवायचं असेल तर मागे हात घाला.

भाजीफळांत वैविध्य शोधताना

इथे उलटंच असतं. रंगांची उधळण दिसते, पण वाण थोडे. जगभर निर्यात होणारी केळी जवळपास सगळी कॅव्हेंडिश या एकाच वाणाची असतात. त्याआधी ग्रो मिशेल हा वाण चालायचा. बुरशीजन्य पनामा रोगाने त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅव्हेंडिशने त्याची जागा घेतली. सफरचंदं तर प्राणवायू कमी केलेल्या थंड गोदामात महिनोन् महिने ठेवता येतात, त्यामुळे ती वर्षभर दिसतात आणि हंगाम कधीचा हेच आपण विसरतो. इथे वैविध्य हवं असेल तर हंगामी माल कोणता ते विचारा. बिगरहंगामी भाजी हवीच असेल तर फ्रोजन घ्यायला कचरू नका. ती काढणीनंतर लवकर गोठवलेली असते.

अ‍ॅपवर पहिलं दिसेल ते घेणं

यादीत वर येणाऱ्या वस्तूंपैकी काही जाहिरातीच असतात. नावाशेजारी तसं बारीक लिहिलेलं असतं. वजनामागच्या दराने क्रम लावण्याची सोय असेल तर ती वापरा. ‘ही वस्तू नसेल तर दुसरी चालेल का’ हा पर्याय प्रत्येक वस्तूसाठी वेगळा ठरवा. मिठाला ‘हो’ म्हणायला हरकत नाही. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर त्या वस्तूला ‘नाही’च म्हणा, कारण बदली माल निवडणाऱ्याला तुमच्या घरातलं पथ्य ठाऊक नसतं.