दुकानामागच्या डंपस्टरमधून (कचऱ्याच्या मोठ्या पेटीतून) सामान कसं काढायचं (अमेरिकेतल्या पोरांसाठी)

आधी कायद्याचं बघा. १९८८ च्या ग्रीनवूड केसचा (अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली) दाखला सगळे देतात, की रस्त्याकडेला टाकलेल्या कचऱ्यावर प्रायव्हसी नसते, पण ती केस पोलिसांच्या झडतीची होती, तुम्हाला दुकानाच्या आवारात घुसायचं लायसन नाही मिळत त्याने. कुलूप, कुंपण, नो ट्रेसपासिंगची पाटी दिसली की गुपचूप मागे फिरायचं, व्हिसावर असाल तर जास्तच. कॉम्पॅक्टरच्या (कचरा दाबून चेपणारं मशीन) तर जवळपण जाऊ नका, हात जाईल.

जाड ग्लोव्ज, हेडलँप, हूकवाली काठी एवढं बास. दुकान बंद झालं की जायचं. बेकरीच्या पारदर्शक पिशव्या वरच सापडतात, आम्हाला एकदा एवढे बेगल (मधे भोक असलेले गोल पाव) मिळाले की आठवडाभर नाश्ता, जेवण, बेगलचा उपमासुद्धा (वाईट नव्हता!). डझनात एक अंडं फुटलं की अख्खा खोका फेकतात, पण थंड लागला तरच उचला. मांस, दूध ४ डिग्री सेल्सियसच्या वर २ तास राहिलं की गेलं, वास बिस घेत बसू नका. फुगलेला डबा तर अजिबात नाही. ‘बेस्ट बाय’ तारीख मात्र क्वालिटीची असते, सीलबंद पास्ता, बिस्किटं बिनधास्त घ्या.

निघताना झाकण लावा, पिशव्या फाडून पसारा केलात की दुसऱ्या दिवशी कुलूप लागलंच समजा.