जुन्या नाण्यांचे दागिने: सोनाराकडे जाण्याआधी या चुका टाळा

पुतळ्यांची माळ मोडून तेवढ्याच वजनाची चेन घेणारं कुटुंब सराफाच्या दुकानात नेहमी दिसतं. हिशोब सरळ असतो: इतके ग्रॅम, आजचा भाव, वजा घट. त्या माळेतल्या एखाद्या पुतळीवर व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचं नाव कोरलेलं असू शकतं, हे ना देणाऱ्याच्या गावी असतं ना घेणाऱ्याच्या. पुतळी मुशीत गेली की विषय संपला.

जुन्या नाण्यांच्या दागिन्यांबाबतच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण दागिना बघतो, नाणं बघत नाही. दागिना बिघडला तर पुन्हा घडवता येतो. नाण्यावरचं साल एकदा घासून गेलं की ते कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

न वाचता मोडीत घालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. व्हेनिसचा डुकाट, म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं, पहिल्यांदा 1284 मध्ये पाडला गेला. 1797 मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवलं, तोपर्यंत त्याचं साडेतीन ग्रॅमच्या आसपासचं वजन आणि 99 टक्क्यांहून जास्त शुद्धता जवळजवळ तशीच राहिली. पाचशे वर्षं एकच नाणं एकाच कसाचं मिळत असेल तर व्यापारी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारच. मिरी, मसाले, कापड यांच्या बदल्यात हे सोनं इजिप्त आणि अरबस्तानच्या वाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत राहिलं, आणि त्यातलं बरंचसं बाजारात फिरण्याऐवजी बायकांच्या गळ्यात गेलं. त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपण त्याला पुतळी म्हणू लागलो.

घरच्या माळेतली पुतळी ओळखायची असेल तर तिरप्या उजेडात धरा आणि मोबाईलने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. एका बाजूला सेंट मार्क उभा, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला राज्यप्रमुख, आणि दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांनी भरलेल्या लंबगोलात येशू. पहिल्या बाजूच्या एका कडेने रोमन लिपीत डोजचं नाव असतं. ते लागलं की काळ लागला, कारण कोणता डोज कोणत्या वर्षी गादीवर होता हे पक्कं माहीत आहे. पाओलो रेनिएर असेल तर 1779 ते 1789, लुडोविको मानिन असेल तर त्याच्यानंतरची शेवटची आठ वर्षं.

अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या असतील, संताचा चेहरा म्हणजे दोन ठिपके असतील, तर ती इथेच केलेली नक्कल. अशा नकला भारतात भरपूर झाल्या. तीही जुनी असू शकते, आणि माझ्या मते तिचीही माळ मोडायची गरज नसते; फक्त ती व्हेनिसची म्हणून कोणी किंमत सांगितली तर मान्य करू नका. आणि लक्ष्मीचा ठसा असलेली, पत्र्यासारखी पातळ, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या पुतळ्यांची माळ असेल तर ती आजच्या डायवरची. ती मोडा, बदला, काय हवं ते करा.

गिनीचंही तेच. 1918 मध्ये, फक्त त्या एका वर्षी, मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटिश सोव्हरिन, म्हणजे आपण जिला गिनी म्हणतो ती नाणी, पाडली गेली. वजन 7.98 ग्रॅम, सोनं 22 कॅरट, म्हणजे लंडनच्या नाण्यासारखंच. फरक एकच: घोडेस्वार आणि ड्रॅगनच्या बाजूला, सालाच्या वर जमिनीच्या रेषेवर, रोमन आय हे अक्षर बारीक कोरलेलं असतं. ते सापडलं तर नाणं मुंबईचं. पदकाची चौकट काढायला गेलेला कारागीर नेमकी तीच जागा घासू शकतो, म्हणून आधी बघून ठेवा.

आणखी एक. कसाला लावायचं म्हणून सराफ नाण्याची कड कसोटीच्या दगडावर ओढतो. साध्या बांगडीला त्याने काही होत नाही, नाण्याची कड मात्र खरवडली जाते. कॅरट मोजायचं यंत्र आता बऱ्याच पेढ्यांवर असतं. तेच वापरायला सांगा.

भोक पाडणं आणि कडी झाळणं

सोनाराला नाण्याचं लॉकेट करून द्या म्हटलं की तो दोनच गोष्टी सुचवतो: वर भोक पाडू, नाहीतर कडी झाळू. दोन्हीला नाही म्हणा.

पश्चिम क्षत्रप या प्राचीन राजघराण्याचं चांदीचं नाणं घ्या. गुजरात, माळवा आणि आपल्या भागात सापडणारं, दीड सेंटिमीटर रुंद आणि दोन-सव्वादोन ग्रॅम वजनाचं. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती ब्राह्मी लेख, ज्यात राजाचं आणि त्याच्या बापाचंही नाव असतं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्ष आकड्यांत लिहिलेलं मिळतं. त्यात 78 मिळवले की इसवी सन. इतक्या जुन्या काळातलं, स्वतःवर साल सांगणारं नाणं जगात फार ठिकाणी मिळत नाही. आता लॉकेटसाठी भोक कुठे पाडणार? डोक्याच्या वर किंवा मागे. म्हणजे नेमकं सालावर.

झाळण्याची उष्णता तर त्याहून वाईट. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वरून धडधाकट दिसणारं नाणं ज्योतीखाली तडकतं. तांब्या-कांशाच्या नाण्यावरचा काळा-हिरवा थर जळून जातो आणि खाली खड्ड्याखड्ड्यांचा धातू उरतो. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत, आणि शिसं 327 अंशांना वितळतं. झाळताना त्याचं काय होईल हे सांगायला नको. शिशाचं नाणं एरवीही अंगावर घालू नये, आणि लहान मुलाच्या गळ्यात तर मुळीच नाही, कारण मूल ते तोंडात घालणार.

मग करायचं काय? नाण्याभोवती स्वतंत्र चौकट करून घ्यायची आणि नाणं त्यात नख्यांनी किंवा मागच्या स्क्रूने धरायचं. चौकट आधी पूर्ण घडवायची, झाळायची, पॉलिश करायची, हॉलमार्क हवा असेल तर तोही चौकटीवरच घ्यायचा, आणि नाणं सगळ्यात शेवटी, थंड असताना बसवायचं. दोन्ही बाजू उघड्या ठेवा. नाणं कधीही न दुखावता बाहेर काढता आलं पाहिजे, ही अट सोनाराला आधीच सांगा. जुनी नाणी गोल नसतात, त्यामुळे तयार गोल चौकटीत बसावं म्हणून कड तासायचा मोह होतो. चौकट नाण्याच्या मापाची करायची. उलटं करायचं नाही.

रोमन नाण्यांत आणखी एक गोची असते. छापा सरळ धरला की बऱ्याच नाण्यांचा काटा उलटा येतो. ती पाडायची पद्धतच तशी होती. लॉकेट गळ्यात फिरलं की मागची देवी डोक्यावर उभी. नाणं खोटं आहे असं वाटून लोक दुकानदाराशी भांडतात. तो दोष नाही. कोणती बाजू पुढे ठेवायची ते ठरवा आणि सोडून द्या.

जुनं भोक असेल तर मात्र ते बुजवू नका. भारतात सापडलेल्या बऱ्याच रोमन सोन्याच्या नाण्यांना सम्राटाच्या डोक्यावर शेजारी-शेजारी दोन भोकं आहेत, म्हणजे दोऱ्यात ओवल्यावर चेहरा सरळ राहावा. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि तेलंगणातलं कोंडापूर इथे रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकंही सापडली आहेत. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनीही ती हौस भागवून घेतली असं दिसतं. असं भोक बुजवून नाणं अखंड म्हणून विकणं ही फसवणूक, आणि घरच्या नाण्याचं आपणच बुजवून घेणं हा निव्वळ मूर्खपणा. जुन्या पुतळीची झाळलेली कडी झिजली असेल तर ती काढून नवी झाळायला लावू नका. पटवेकऱ्याकडून रेशमाचा पक्का गोफ करून माळ पुन्हा गाठवून घ्या.

चिंच आणि मीठ

दिवाळीआधी तांब्याची भांडी घासायला काढली की गळ्यातली शिवराईही, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणंही, त्यात जाते. चिंच-मिठाने ती लखलखते, आठवडाभर छान दिसते, आणि पावसाळ्यात तिच्यावर फिकट हिरवी पूड दिसू लागते.

असं होतं कारण मिठातलं क्लोराईड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं. दमट हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं, ते आतलं तांबं खातं, पुन्हा क्लोराईड मोकळं होतं आणि चक्र चालू राहतं. कोकणात, मुंबईत तर ही पूड एका पावसाळ्यात अक्षरं खाऊन टाकू शकते. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर वेगळा. तो नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नका. नखाने टोकरल्यावर पूड निघते का, एवढं पाहिलं की फरक कळतो.

पूड दिसलीच तर नाणं चौकटीतून काढा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरिन असतं. पाणी रोज बदला. नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डबीत ठेवा. तरीही पूड परत आली तर घरगुती उपाय थांबवा आणि संग्रहालयात धातूंचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. तांब्याच्या नाण्यावर सोन्याचं पाणी चढवणं हा यावरचा इलाज नाही. खालची पूड आत चालूच राहते.

चांदीचं नाणं काळं पडलं तर पडू द्या. फार तर साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड. टूथपेस्ट नको, रांगोळी तर मुळीच नको. अत्तर आणि घाम यांचा सगळ्यांनाच त्रास होतो, म्हणून असा दागिना सगळ्यात शेवटी घालायचा आणि सगळ्यात आधी काढायचा. मऊ, चिकटसर प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर त्यातलं रसायन धातूवर हिरवट तेलकट थर आणतं. सुती कापड बरं.

विकत घेताना

एकसारख्या नाण्यांच्या कुड्या मागणाऱ्यांनी आधी थांबावं. हाताने पाडलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात: एकाचा ठसा डावीकडे सरकलेला, दुसऱ्याची कड फाटलेली. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल तर दोन्ही एकाच साच्यात ओतलेली आहेत. ओतीव नाण्याच्या कडेला शिवण दिसते, अक्षरं मऊ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे फुगे.

शिवराईच्या लॉकेटला सध्या मोठी मागणी आहे. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. खरी शिवराई मिळणं अवघड नाही, कारण ती पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही व्यवहारात होती. म्हणूनच प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते, हे विकणारा सांगत नाही. दुदांडी, म्हणजे दोन रेघांची, शिवराई तर महाराजांच्या नंतरची. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अतिशय दुर्मीळ आहे. ऑनलाइन काही हजारांत मिळणारा होन ही प्रतिकृती असते. प्रतिकृती म्हणून जरूर घाला, छान दिसते.

1818 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मागे हनुमान किंवा रामदरबार, असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून जे लाखांना विकलं जातं, त्यातलं बरंचसं याच जातीचं.

बंद्या रुपयांची माळ घेताना साल बघा. 1835 ते 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात जवळपास 92 टक्के चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. 1946 आणि 1947 चा रुपया शुद्ध निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. काही जणांच्या त्वचेला निकेलने पुरळ येतं. गळ्याभोवती खाज सुटली तर माळेतल्या त्या दोन सालांवर आधी संशय घ्या.

जुनं म्हणजे महाग, हाही गैरसमज. कॉन्स्टंटाइनच्या काळातली रोमन तांब्याची नाणी इतकी सापडतात की साध्या चांदीच्या चौकटीची किंमत नाण्यापेक्षा जास्त होते. दुकानदाराला विचारा: राजा कोण, धातू कोणता, नाण्याचं एकट्याचं वजन किती, नाणं कुठून आलं. नुसतं दोन हजार वर्षं जुनं एवढंच उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. खरी नाणी डोळ्यांखालून घालून आलं की बाजारातली खोटी लवकर टोचायला लागतात.

कायद्याची बाजू

शेतात नांगरताना नाण्यांचा गाडगा लागला तर ती नाणी सोनाराकडे जात नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. 1878 चा निधी कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीच्या पुरलेल्या ठेव्याला लागू होतो, आणि कळवलं नाही तर सापडणाराच गोत्यात येतो.

शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून बिलावर तसा उल्लेख मागून घ्या. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, लॉकेटमध्ये बसवलं तरीही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या लेकीला आजीची पुतळ्यांची माळ द्यायची असेल तर इथे अडचण येते. तिकीट काढण्याआधी माळ पुरातत्त्व खात्याकडे तपासून घ्या. ती पुरावस्तू नसेल तर तसा दाखला मिळतो. पुतळ्या आजकालच्या डायवरच्या असतील तर सराफाचं बिल सोबत ठेवा.