नागपुरात जुनी पोलो जीटी घ्यायची, तर कोणत्या सालची?

"पोलो जीटी घ्यायची आहे, चांगलं साल कोणतं?" असं विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात: जितकी नवी तितकी बरी. खिशात पैसे असतील तर यात चूक काही नाही. पण फोक्सवॅगनच्या या गाडीत साल बदललं की गिअरबॉक्स बदलतो, इंजिन बदलतं. नाव तेच, पण बॉनेटखाली दोन वेगळ्या गाड्या आहेत. आणि त्यातली कोणती आपल्याला झेपेल, हे नागपुरात नवतप्यातली दुपार ठरवते.

आधी कालखंड समजून घ्या

पोलो आपल्याकडे २०१० मध्ये आली, पण जिच्यासाठी लोक वेडे होतात ती जीटी टीएसआय एप्रिल २०१३ ची. १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम, आणि सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. त्याच वर्षी डिझेलवाली जीटी टीडीआय आली, १.६ लिटर आणि पाच गिअरची मॅन्युअल. जुलै २०१४ मध्ये चेहरामोहरा बदलला आणि डिझेल इंजिन १.५ लिटरचं झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा नाकडोळे बदलले, आत मात्र तेच.

खरा बदल मार्च २०२० चा. बीएस६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले, डिझेल बंद झालं. १.२ टीएसआय आणि डीएसजी दोन्ही गेले. त्यांच्या जागी १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय आलं, ११० पीएसचं, सोबत टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक. जीटीचा बिल्ला फक्त ऑटोमॅटिकलाच मिळाला. हेच इंजिन मॅन्युअलमध्ये हवं असेल तर पोलोच्याच हायलाइन प्लस किंवा कम्फर्टलाइन टीएसआय या प्रकारांतली शोधावी लागते. बिल्ला नसल्यामुळे ती गाडी बऱ्याच गिऱ्हाइकांच्या नजरेतून सुटते. २०२२ मध्ये लेजंड एडिशन काढून कंपनीने पोलोला निरोप दिला.

'२०२० मॉडेल' म्हणजे नेमकं काय, ते आरसीवर बघा

विकणारा "दोन हजार वीसची आहे, भाऊ" म्हणाला की तिथेच थांबा. बीएस४ गाड्यांची नोंदणी ३१ मार्च २०२० पर्यंतच होणार होती, त्यामुळे २०१९ मध्ये बनलेल्या गाड्या पहिल्या तीन महिन्यांत नोंदवल्या गेल्या. कागदावर दोन्ही २०२० च्याच, पण एकीत डीएसजी आणि दुसरीत टॉर्क कन्व्हर्टर.

आरसीवर तीन गोष्टी वाचा. निर्मितीचा महिना-वर्ष ही नोंदणीच्या तारखेहून वेगळी नोंद असते. घनक्षमता ११९७ सीसी असेल तर जुनं इंजिन, ९९९ असेल तर नवं. तिसरी गोष्ट बीएस४ की बीएस६. फक्त ९९९ वाचून मात्र खूश होऊ नका. २०१८ पासून साध्या पोलोतही टर्बो नसलेलं ९९९ सीसीचं इंजिन होतं, आणि जीटीचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. आरसीवरचं मॉडेलचं पूर्ण नाव आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारं इंजिन, दोन्ही जुळायला हवं.

डीएसजी आणि नागपूरचं ऊन

डीएसजीत दोन क्लच असतात. पोलोतल्या सात गिअरच्या प्रकारात ते कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखी मजा नाही. वर्धा रोडवर ओव्हरटेक करताना गिअर कधी बदलला तेही कळत नाही. पण रांगेत इंच-इंच सरकताना क्लच अर्धवट घासत राहतात आणि तापतात. बाहेर ४५ अंश असताना त्यांना थंड व्हायला वाव कुठे? दुसरी नाजूक जागा मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक आणि हायड्रॉलिक यंत्र. ते रुसलं की डॅशबोर्डवरचं गिअरचं अक्षर लुकलुकतं आणि गाडी जागीच बसते. आणि ते बदलायचं तर बिल लाखाच्या पुढे जातं. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने याच जातीच्या गिअरबॉक्सच्या जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या तेल बदलण्यासाठी बोलावल्या होत्या. उष्ण-दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे विद्युत बिघाड होऊ शकतो, म्हणून त्या जागी मिनरल तेल घातलं गेलं.

म्हणून २०१३ ते २०१४ च्या पूर्वार्धातल्या जीटी टीएसआयच्या वाटेला मी जाणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. मेकाट्रॉनिक बदलल्याचं बिल मालक हातात ठेवत असेल तर विचार करता येईल. पण आणखी एक गोष्ट आहे: २०१३ च्या गाडीची आरसी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. तिथून फेरनोंदणी आणि पर्यावरण कर सुरू.

चाचणी दुपारीच घ्या

सकाळी सातला, रिकाम्या सिव्हिल लाइन्समध्ये कोणतीही डीएसजी लोण्यासारखीच चालते. मालकाला दुपारी दोन-तीनची वेळ मागा आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका म्हणावं. थंड इंजिनावर डीमधून आरमध्ये, आरमधून डीमध्ये टाका. धक्का बसतो का, उशीर होतो का, बघा. मग एसी पूर्ण लावून सीताबर्डीत शिरा आणि व्हरायटी चौकाच्या आसपास अर्धा तास सिग्नल खा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरत असेल, ब्रेक सोडल्यावर आधी दचकून मग निघत असेल, तर क्लच संपत आलेत. शेवटी एखाद्या इमारतीच्या तळघराच्या पार्किंगचा उतार शोधा आणि चढताना अर्ध्यावर थांबून पुन्हा निघा. थांबत-थांबत चढणं या गिअरबॉक्सला सर्वांत नकोसं असतं, म्हणून लपवलेला दोष तिथेच बाहेर येतो.

त्यानंतर फोक्सवॅगनच्या गाड्या करणाऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या नोंदी वाचून घ्या. मालक स्कॅनला नाही म्हणाला तर गाडी त्याच्याकडेच राहू द्या.

कूलंटची पातळी इंजिन थंड असताना बघा. टर्बो गाडीत ती खाली गेलेली दिसली तर गळती कुठे आहे ते कळेपर्यंत बयाणा देऊ नका. आपल्याकडचा उन्हाळा पाइपा आणि सील लवकर वाळवतो.

मग कोणती घ्यायची?

शहरात रोज चालवणार असाल तर मार्च २०२० नंतरची १.० टीएसआय घ्या. डीएसजीइतकी चपळ नाही, तीन सिलिंडरचा खरखरीतपणा आहे, पण टॉर्क कन्व्हर्टरला उन्हातल्या रांगेचं भय नाही. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, आणि तिथे ही गाडी त्याच वेगात आरामात बसते. स्वतः गिअर टाकायला आवडत असेल तर हायलाइन प्लस मॅन्युअल. माझ्या मते या सगळ्यांत शहाणपणाची खरेदी तीच.

डीएसजीवरच मन बसलं असेल तर २०१६ ते २०१९ मधली, कंपनीच्या सर्व्हिसची सलग नोंद असलेली आणि जास्त हायवेवर चाललेली शोधा. डिझेल हवं असेल तर १.५ चीच घ्या. नोव्हेंबर २०१५ पर्यंतच्या टीडीआय गाड्या उत्सर्जन प्रकरणात (प्रदूषण चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर सापडलं होतं) सॉफ्टवेअर सुधारणेसाठी बोलावल्या गेल्या होत्या, तेव्हा ते काम झालंय का ते सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर सांगून विचारा.

पोलो सोडून बघायचं तर मारुतीची बलेनो आरएस (२०१७ ते २०२०) ही १.० टर्बो आणि फक्त मॅन्युअल. साल निवडायची फारशी भानगड नाही. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ मध्ये आली तेव्हा क्लच पेडलशिवायचा आयएमटी होता. खरा मॅन्युअल हवा तर सप्टेंबर २०२३ नंतरची बघावी लागेल.

साल खरं आहे का, गाडीच सांगते

टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर गाडीहून जुने निघाले तर कुठून काढून लावले ते विचारा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात छापलेल्या खुणा एकमेकींशी ताडून बघा; पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी, तर त्या बाजूला काय झालं होतं? सीटबेल्ट पूर्ण ओढला की खाली शिवलेल्या पट्टीवर तारीख दिसते. बेल्ट कोरा करकरीत आणि सीट झिजलेली असेल तर समोरून धडक बसलेली असू शकते.

कागद

एमएच-३१, ४० किंवा ४९ पासिंगची गाडी असेल तर काम सोपं: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. एमपी, सीजी पासिंगवाली गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स जोडून हिशेब करा. डीएल पासिंगची डिझेल का स्वस्त आहे तेही ओळखा: दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या इकडे येतात. त्यातल्या काही चांगल्याही असतात, पण उतरलेल्या किमतीत महाराष्ट्राचा टॅक्स धरलेला नसतो.

पैसे देण्याआधी परिवहनच्या साइटवर थकलेले चलन तपासा आणि विमा कंपनीकडून मागच्या क्लेमची माहिती मागा. गाडी नावावर झाली की विमाही लगेच नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता त्याने सांगितल्यापेक्षा जास्त येईल.